जाळायचेच तर देखणे कशाला?

नागपूरच्या हस्तकौशल्याचा विचार करताना एक विसंगती टाळता येत नाही. या शहरातील हात ज्या वस्तूंवर आजही जीव ओतून काम करतात, त्यांपैकी बऱ्याच वस्तू पाण्यात विरघळण्यासाठी किंवा आगीत जाण्यासाठी घडवल्या जातात. उलट ज्या वस्तू आईकडून मुलीकडे जाव्यात इतक्या टिकाऊ घडवल्या जात होत्या, त्या घडवणारे हात मात्र शंभर-सव्वाशे वर्षांत कमी कमी होत गेले. मारबतीच्या, म्हणजे मिरवून जाळायच्या भव्य स्त्रीप्रतिमेच्या, नथीचा आकार ठरवण्यात तासन्‌तास घालवणाऱ्या कारागिराला ती नथ एका दिवसात राख होणार हे ठाऊक असते, आणि तरीही तिचा आकार चुकलेला त्याला चालत नाही. सर्वसामान्य माणसाचा स्वभाव, त्याचे काम आणि त्याची निर्मितिक्षमता यांचा परस्परसंबंध तपासायचा तर नागपूरच्या भाद्रपदाइतके सोयीचे प्रकरण दुसरे सापडणे कठीण आहे, कारण या महिनाभरात शहराचा पूर्व भाग जवळजवळ एक कार्यशाळा होतो आणि कारागीर कोण व बघ्या कोण हे सांगता येऊ नये इतकी त्यांची सरमिसळ होते.

गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास काही खेडी एकत्र करून वसवलेले हे नगर अठराव्या शतकात रघुजी भोसले यांच्याकडे आले आणि राजधानी झाले. राजधानीला कापड लागते, तेल लागते, भांडी लागतात, देवघरे आणि वाडे रंगवणारे लागतात. त्यामुळे कोष्टी, तेली, कासार, चितारी यांच्या वस्त्या जुन्या शहरात दाटीने उभ्या राहिल्या. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही मोहल्ल्यांची नावे आठवडी बाजारांची आठवण ठेवतात, तर ‘ओळी’ हा शब्द एका व्यवसायाची घरे एका रांगेत असल्याची खूण सांगतो. या रचनेचा परिणाम साधा पण दूरगामी होता. काम घराच्या ओट्यावर, म्हणजे रस्त्याच्या डोळ्यांसमोर होत असल्याने शेजाऱ्याचे कौशल्य प्रत्येकाला रोज दिसत असे, आणि जे रोज दिसते त्याची पारख आपोआप तयार होते. नागपुरी माणसाची जी फटकळ चिकित्सा परगावच्या पाहुण्याला कधी कधी झोंबते, तिच्या मुळाशी ही ओट्यावरची सवय असावी असे म्हणण्यास जागा आहे.

महाल भागातील चितार ओळी ही अशी एक ओळ. चितारी म्हणजे चित्रे काढणारा. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ मध्ये जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चितारींची ओळख लाकडावर व गिलाव्यावर रंगकाम करणारे अशी दिली आहे. भोसल्यांच्या काळात वाड्यांच्या भिंती रंगवणाऱ्या या घराण्यांकडे राजाश्रय संपल्यावर जे काम उरले ते सणांचे, आणि सणांनीच त्यांना धरून ठेवले. ओळीचे वर्ष पंचांगावर चालते. आषाढी अमावास्येच्या जिवतीसाठी, म्हणजे मुलाबाळांचे रक्षण करणाऱ्या देवतेसाठी, दारावर लावायचा चित्राचा पट लागतो. गोकुळाष्टमीला कान्होबा लागतो. कृष्णाची मातीची मूर्ती घरी आणून दुसऱ्या दिवशी शिरवण्याची, म्हणजे पाण्यात विसर्जित करण्याची, ही प्रथा पूर्व विदर्भाबाहेर फारशी दिसत नाही. पोळ्याला मातीचे बैल, चतुर्थीला गणपती, मग महालक्ष्म्यांचे मुखवटे, नवरात्रात दुर्गा, कोजागिरीला शारदा आणि भुलाबाई, दिवाळीत लक्ष्मी अशी ही साखळी चालू राहते. ज्यांना पश्चिम महाराष्ट्रात गौरी म्हणतात त्यांना विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात, आणि भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीची जोडमूर्ती, जिच्याभोवती मुली भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर गाणी म्हणतात.

या साखळीतला एक दुवा खास नागपूरचा आहे. पितृपंधरवडा हा इतरत्र मूर्तिकाराच्या विश्रांतीचा काळ, कारण शुभकार्ये त्यात वर्ज्य मानली जातात. नागपुरात मात्र याच पंधरवड्यात गणपती बसतो. त्याला हडपक्या गणपती म्हणतात, कारण हडपक हे पितृपक्षाचे वऱ्हाडी-नागपुरी नाव आहे, आणि मस्कऱ्या गणपती असेही म्हणतात. परंपरा अशी सांगते की खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या मोहिमेवरून विजयी होऊन परतले तेव्हा घरच्या गणपतीचे विसर्जन होऊन गेले होते, म्हणून १७८७ मध्ये त्यांनी विजयोत्सवासाठी पुन्हा गणपती बसवला आणि लावणी, खडी गंमत, नकला अशा करमणुकीच्या कार्यक्रमांनी तो साजरा केला. खडी गंमत म्हणजे उभ्या उभ्या सादर होणारे, पुरुषांनीच स्त्रीभूमिका करायचे पूर्व विदर्भाचे लोकनाट्य. शोकाच्या पंधरवड्यात मस्करीला प्रतिष्ठा देणारी ही प्रथा राजघराण्यातून निघाली असली, तरी ती टिकली सामान्य लोकांच्या आवडीवर, आणि तिच्यामुळे चितार ओळीला आणखी पंधरा दिवसांचे काम मिळाले, ही बाब इतिहासकारांपेक्षा मूर्तिकारांच्या घरखर्चाला अधिक कळते.

मातीच्या मोठ्या मूर्तीचे काम आतून बाहेर चालते. आधी लाकूड व बांबूचा सांगाडा उभा राहतो, त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सुतळीने आवळून शरीराचा ढोबळ आकार काढला जातो. मग जाड मातीचा पहिला हात चढतो, तो तडकला की भेगा पुन्हा भरल्या जातात, आणि शेवटच्या थरात चाळलेल्या बारीक मातीत पिंजलेला कापूस कालवला जातो, कारण कापसाचे तंतू माती सुकताना तिला धरून ठेवतात. कापसाच्या प्रदेशात मातीला बळ द्यायलाही कापूसच यावा हे स्वाभाविक आहे. सगळ्यात कठीण शत्रू म्हणजे हंगाम. ज्या महिन्यांत मूर्ती सुकायला हवी त्याच महिन्यांत पाऊस असतो. म्हणून ओळीतल्या अरुंद जागेत प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली पंखे आणि प्रखर दिवे लावून मूर्तींना कोरडे करावे लागते, आणि घाई केली तर वरचा थर सुकून आतला ओला राहतो, जो नेमका रंग लावल्यावर फुटतो. किती उष्णता पुरे हे यंत्राने मोजले जात नाही. मूर्तीच्या पाठीवर हाताची उलटी बाजू टेकवून ते ठरवले जाते, कारण गारवा तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला लवकर जाणवतो.

पांढरा हात, अंगाचा रंग, वस्त्रांचे रंग, दागिन्यांचा सोनेरी असा क्रम झाल्यावर शेवटी डोळे येतात. या कामाला आखणी म्हणतात, आणि घरातल्या श्रमविभागणीचे खरे स्वरूप येथे उघड होते. माती मळणे, घासणे, पांढरा हात देणे, दागिने चिकटवणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करतात. मूर्तीवर जेवढे तास खर्च होतात त्यांतला बराच भाग या हातांचा असतो, पण गिऱ्हाईक ज्याचे नाव घेऊन येते तो आखणी करणारा हात असतो. अर्थात आखणी करणाऱ्याचे श्रेय खोटे नसते. पापणीची रेघ एका श्वासात ओढावी लागते, मध्येच ब्रश उचलला तर जोड दिसतो, आणि दोन बुबुळांत केसभर फरक पडला तरी मूर्ती समोरच्याकडे पाहण्याऐवजी कुठेतरी भलतीकडे पाहू लागते. अशी मूर्ती पडून राहते. तिचे हात, सोंड, मुकुट कितीही सुबक असोत. मूर्ती दहा दिवसांनी पाण्यात जाणार म्हणून डोळे थोडे तिरळे चालतील असे म्हणणारा गिऱ्हाईकही नसतो आणि मूर्तिकारही नसतो.

मारबत या सर्वांपेक्षा वेगळी, कारण ती देवी म्हणून बसते आणि भूत म्हणून हाकलली जाते. काळी मारबत इतवारीतील नेहरू पुतळ्याच्या परिसरातून निघते आणि तिची परंपरा १८८१ पासूनची मानली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची, १८८५ पासूनची. दोन्ही म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या भव्य स्त्रीप्रतिमा. मिरवणुकीपूर्वी त्या दर्शनासाठी बसतात, लोक त्यांना नवस बोलतात, लेकरांना त्यांच्यापुढे आणतात, आणि त्यानंतर त्याच प्रतिमांना गर्दीतून मिरवत नेऊन जाळले जाते. पिवळीकडे रक्षण करणारी म्हणून पाहिले जाते. काळीची सांगड कृष्णकथेतल्या पूतनेशी घातली जाते. ग्रामीण पूर्व विदर्भात हाच विधी प्रतिमेविनाही होतो: पोळ्याच्या दिवशी दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकल्या जातात. शहराने फांदीची बाई केली, आणि शहराकडे चितारी, बुरूड, शिंपी असे हात उपलब्ध असल्याने ती बाई वर्षागणिक देखणी होत गेली.

काळ्या मारबतीशी बांकाबाईचे नाव जोडण्याची एक कथा सर्रास सांगितली जाते. बांकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. तिने इंग्रजांना साथ दिली म्हणून लोकांनी तिच्या निषेधार्थ काळी मारबत काढली, असा या कथेचा आशय आहे. १८५७ मध्ये तिने आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले हे खरे, परंतु तिचा मृत्यू १८५८ मध्ये झाला आणि काळ्या मारबतीचा आरंभ १८८१ चा सांगितला जातो. निषेधाची प्रतिमा ज्या व्यक्तीची, ती जाऊन तेवीस वर्षे झाल्यावर तो निषेध सुरू व्हावा हे चमत्कारिक वाटते. अधिक संभाव्य असे की रोगराई हाकलणाऱ्या जुन्या विधीवर पुढे केव्हातरी राजकीय अर्थाचे कलम झाले. पण याने कथेचे मोल कमी होत नाही, उलट मारबतीच्या स्वभावाचे मर्म तिच्यातूनच कळते: ही रिकामी चौकट आहे, आणि त्या त्या पिढीला जे घालवायचे असेल ते तिच्यात भरता येते.

ते भरण्याची रीत भाषेत आहे. मिरवणुकीत आणि गावोगावी ‘घेऊन जा गे मारबत’ ही हाक दिली जाते, आणि तिच्या आधी काय घेऊन जायचे ते जोडले जाते: इडापिडा, रोगराई, खोकला, ढेकूण, मोंगसा, म्हणजे जे जे त्या वर्षी छळत असेल ते. येथे ‘गे’ या एका अक्षराकडे लक्ष देण्यासारखे आहे. हे संबोधन बहिणीला, सखीला, शेजारणीला करायचे. जिला गावाबाहेर काढून जाळायचे तिच्याशी गाव इतक्या घरोब्याने बोलते, जणू जाता जाता शेजारीण बाजारात निघाली आहे आणि तिच्या पिशवीत आपलेही चार नग टाकून द्यायचे आहेत. द्वेषाच्या भाषेत हे संबोधन बसत नाही. हाकलणे आहे, पण तुच्छता नाही. आणि या फरकाने नागपुरी मस्करीची जात ठरते.

मस्करीचा उघडा अवतार म्हणजे बडगे. बडग्या हा मारबतीचा पुरुष जोडीदार. पूर्वी मोहल्ल्यातील मुले टाकाऊ चिंध्या, कागद, काटक्या जमवून तो करीत, आणि मारबतीला जसा ठरलेला चेहरा आहे तसा बडग्याला नाही. दरवर्षी त्याला नवा चेहरा मिळतो. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांवरचे खड्डे, दहशतवाद, डास, करोना असे विषय घेऊन मोहल्ल्यातील तरुण बडगे उभारतात आणि त्यांच्या छातीवर फलक लावून तुकबंदीत त्यांची हजेरी घेतात. करणारे लोक या कामाचे व्यावसायिक नसतात. दिवसभर रिक्षा, गॅरेज, दुकान, शिकवणी सांभाळून रात्री जमणाऱ्या या टोळीत मात्र एखादा वेल्डर असतो जो सांगाड्याचा तोल सांभाळतो, एखादा शिंपी असतो जो पोत्याच्या कापडाला कोटाची कॉलर काढून देतो, आणि एखादा असा असतोच ज्याला काहीही जमत नाही पण नाव ठेवणे जमते. फलकाचा मजकूर तोच सांगतो.

या मजकुराचे घराणे जुने आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे केल्यावर शेतकरी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेली, ठणकावून म्हणायची पदावली, जिची सुरुवात गौरा-पार्वतीच्या नमनाने होते, शेवट महादेवाच्या गजराने होतो आणि मधल्या जागेत सावकार, पाटील, पाऊस, कापसाचा भाव, सरकार यांपैकी कोणीही येऊ शकते. देवाच्या नावाने सुरू होऊन देवाच्याच नावाने संपत असल्यामुळे मधल्या भागाला एक प्रकारचे अभय मिळते. वर्षभर ज्याच्या दारात वाकून उभे राहायचे त्याला एक दिवस चारचौघांत ऐकवायचे, आणि त्यानेही ते हसून ऐकून घ्यायचे, असा हा अलिखित करार आहे. बडग्याचा फलक हा त्याच कराराचा शहरी उतारा होय. अलीकडे मात्र त्यात दोन बदल झाले आहेत आणि दोन्ही खटकणारे आहेत. हाताने अक्षरे रंगवणाऱ्या पेंटरची जागा छापील फ्लेक्सने घेतली, त्यामुळे शेवटच्या रात्री सुचलेली ओळ शेवटच्या रात्री लिहिणे अवघड झाले. आणि काही ठिकाणी बडग्याहून त्याच्या प्रायोजक पुढाऱ्याचा फलक मोठा दिसू लागला. ज्याची टर उडवायची तोच वर्गणी देत असेल तर टर बोथट होते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

जाळण्यासाठी घडवण्याची प्रथा नागपूरची एकट्याची नाही. स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात मार्च महिन्यात ‘फाय्यास’ हा उत्सव होतो. त्यात मोहल्लेवार मंडळे लाकूड, पुठ्ठा इत्यादींच्या प्रचंड उपहासात्मक प्रतिमा उभारतात आणि १९ मार्चच्या रात्री, म्हणजे सुतारांचा संरक्षक मानल्या गेलेल्या संत जोसेफच्या दिवशी, त्या जाळतात. हिवाळाभर दिव्यांसाठी वापरलेले लाकडी आधार आणि कामाचा उरलासुरला भुसा-ढलप्या वसंत येताच सुतारांनी जाळाव्यात, यातून ही प्रथा निघाली असे तेथे मानतात. बडग्याच्या चिंध्या आणि सुतारांच्या ढलप्या यांतले साम्य उघड आहे: दोन्हीकडे कामाच्या उरलेल्या मालातून निर्मिती झाली. पण एक भेद त्याहून बोलका आहे. वॅलेन्सियात १९३४ पासून दरवर्षी लोकमताने एका प्रतिमेला माफी मिळते आणि ती संग्रहालयात जाते. नागपुरात माफी नाही. परिणामी वॅलेन्सियाच्या अभ्यासकाला जुन्या प्रतिमा पाहायला मिळतात. नागपूरच्या अभ्यासकाला मागच्या पिढीची मारबत पाहायची तर नव्या पिढीच्या हातांकडेच पाहावे लागते, कारण ती दुसरीकडे कोठेही साठवलेली नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे टिकणाऱ्या वस्तूकडे वळायला हवे. नागपूर, उमरेड, पवनी, मोहाडी या पट्ट्यातील कोष्टी व हलबा कोष्टी विणकर काठापदराच्या लुगड्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांच्या कसबाचा कळस म्हणजे करवतकाठी. या साडीचे अंग टसर रेशमाचे असते, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषांतून निघालेल्या, मधाच्या रंगाकडे झुकणाऱ्या धाग्याचे. आणि काठाला करवतीच्या पात्यासारखे दाते असतात. हे दाते छापलेले नसतात किंवा वरून भरलेलेही नसतात. सामान्य मागावर एक धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी होडीसारखी नळी, या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. करवतकाठीला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक फेरीला अंगाचा धागा काठाच्या धाग्याला भेटतो, त्याच्यात अडकतो आणि मागे फिरतो. ही भेटण्याची जागा दर फेरीला थोडी आत सरकवत न्यायची आणि ठरलेल्या टप्प्यावर परत बाहेर आणायची. सरकण्यातून दात्याची तिरपी कड तयार होते, परतण्यातून दुसरी. एक अडकवणी चुकली तर त्या जागी फट पडते, आणि ती फट धुण्यागणिक वाढते. यंत्रमागाचा धोटा पूर्ण रुंदीभर धावण्यासाठीच बांधलेला असल्याने यंत्र हे दाते तंतोतंत घडवीत नाही, फक्त त्यांच्यासारखे दिसणारे काहीतरी घडवते. साडी उलटी करून पाहणाऱ्या जुन्या बायकांना हा फरक सांगावा लागत नसे.

अशा कामात एक माणूस मागावर बसतो, पण काम एका माणसाचे नसते. पांजणी, म्हणजे ताण्याला खळ लावून ब्रशने एकेक धागा मोकळा करणे, याला सगळे घर लागते. कांड्या भरणे, म्हणजे चरख्यावर धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळणे, हे काम बहुधा बायका आणि म्हाताऱ्या माणसांकडे असते. मूर्तिकाराच्या घरात दिसलेली श्रमविभागणी येथेही जशीच्या तशी आहे, आणि नाव येथेही मागावर बसणाऱ्याचेच होते. ‘खळ’ हा शब्दही दोन्हीकडे ये-जा करतो: मागावर धाग्याला ताठ ठेवणारी जी खळ, तीच बडग्याच्या सांगाड्यावर कागद चिकटवायला कामी येते.

हे कौशल्य का ओसरले याचे उत्तर कारागिराच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केल्याच्या दिवशी, नागपुरात सुरू झाली आणि तिचे नावही त्याच प्रसंगावरून पडले. गिरणीचे सूत विणकराला सोयीचे होते, गिरणीचे कापड मात्र त्याच्या मुळावर आले. साधे कापड आधी गेले, तलम काठाचे त्यानंतर, आणि पुढे यंत्रमागांनी उरलेल्या बाजारातही वाटा मागितला. गंमत अशी की गिरणीही अमर नव्हती. टाटांनी १९८६ मध्ये ती सोडली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने काही वर्षे चालवली, नंतर भोंगा कायमचा थांबला आणि तिच्या जमिनीवर आज मॉल व निवासी इमारती आहेत. हातमागाला हरवणारी गिरणी हरली, आणि तिच्या उमेदीच्या काळात चिंध्या-कागदांचे बडगे करणारी वस्ती अजून बडगे करते आहे. याचा अर्थ क्षणभंगुर वस्तूत काही गूढ शक्ती असते असा काढू नये. साडी पन्नास वर्षे टिकली की पन्नास वर्षे दुसरी लागत नाही, आणि मधल्या काळात स्वस्त पर्याय आला तर मागणी परतत नाही. मारबत मात्र दरवर्षी नव्याने लागतेच, आणि तिला गिरणीत पर्याय नाही. शिकणाऱ्या हाताच्या बाजूने पाहिले तर दरवर्षी पुन्हा करावे लागणे हीच शाळा आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ या कालावधीच्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी, खण यांच्या बरोबरीने करवतकाठीच्या विणकरांना उत्सव भत्त्याची तरतूद झाली आहे, ती स्वागतार्ह आहे; मात्र भत्ता सणाला मिळतो आणि माग वर्षभर चालवावा लागतो.

माग थांबले तरी हात थांबत नाहीत, ही गोष्ट चुलीपाशी दिसते. टिमकी, तांडापेठ, गोळीबार चौक या विणकरवस्त्यांतील घरगुती झणझणीत रस्सा, पाटवडी आणि मटण यांचे पुढे ‘सावजी’ या नावाने भोजनालयांत रूपांतर झाले, आणि आज मराठी मुलुखात नागपूरची ओळख करवतकाठीपेक्षा या रश्शानेच अधिक होते. मागावरून उठलेल्या कित्येक घरांना या चुलींनी सावरले असे वस्तीत सांगतात. पाककृती घरातल्या बायकांच्या होत्या, फलकावर मात्र बहुधा पुरुषाचे नाव आले.

एक वस्तू या सगळ्या हिशेबाला अपवाद आहे. मारबतीच्याच दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो, म्हणजे मुलांचा पोळा. सकाळी मोठी माणसे मारबत हाकलतात आणि संध्याकाळी लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल, ज्यांना नंदी म्हणतात, सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची ओवाळणी, गोळा करतात. मुलांनाही पोळ्याचा आनंद मिळावा म्हणून दुसऱ्या रघुजींनी ही प्रथा सुरू केली असे परंपरा सांगते व त्यासाठी १८०६ हे साल दिले जाते. सुताराने सागाच्या लाकडातून कोरलेला नंदी जाळला जात नाही आणि शिरवलाही जात नाही. तो माळ्यावर जातो, पुढच्या वर्षी उतरतो, आणि थोरल्या भावाचा धाकट्याकडे, मग पुतण्याकडे जातो. त्याची शिंगे बदलतात, चाके बदलतात, रंगाचे थर वाढत जातात, आणि जुन्या नंदीच्या पायाशी खरवडून पाहिले तर पिढ्यांचे रंग एकाखाली एक दिसतात. टिकणारी वस्तूही दरवर्षी नव्याने सजवावी लागेल अशी योजना या सणाने केली, म्हणून सुताराचे गिऱ्हाईक कमी झाले तरी सजवणाऱ्या मुलांचा हात चालू राहिला.

आज चितार ओळीपुढचा प्रश्न मातीचा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती साच्यातून झटपट निघतात, हलक्या असतात, स्वस्त पडतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि मे २०२० मध्ये ती कडक करून अशा मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास वाट मोकळी केली, पण त्यांच्या विसर्जनाची अट नैसर्गिक जलाशयांबाहेरची ठेवली. नागपुरात तलावांऐवजी कृत्रिम टाक्यांत विसर्जन रूढ होत आहे. या वादात प्रदूषणाची बाजू पुरेशी मांडली गेली आहे. कसबाची बाजू क्वचित मांडली जाते. साच्यातून निघालेल्या मूर्तीला माती तडकण्याची भीती नसते, तिच्यात कापूस कालवावा लागत नाही, तिच्या पाठीवर हात टेकवून ओल तपासावी लागत नाही. तिच्यावर उरते ती फक्त आखणी, आणि बाकी काहीच न शिकता थेट आखणीला बसलेला हात डोळ्यांत नेमके काय आणतो, हे ओळीतल्या जुन्या माणसांना विचारल्यास उत्तर नागपुरी भाषेत मिळते आणि ते छापण्याजोगे नसते.

प्रतिपदेच्या संध्याकाळी मारबतीची राख निवत असते आणि तान्ह्या पोळ्याचे नंदी घराकडे परतत असतात, तेव्हा चतुर्थीला तीनच दिवस उरलेले असतात. इतवारीतली गर्दी पांगली तरी महालात दिवे जळत राहतात; ताडपत्रीखाली गणपतींच्या रांगा उभ्या असतात, अंगाचे रंग झालेले, डोळे मात्र अजून कोरे. ज्यांनी सकाळी बडग्याचा खांब खांद्यावर घेतला होता त्यांच्यापैकी काही जण रात्री मूर्ती पसंत करायला येतात, भाव पाडतात, मुकुटाला नावे ठेवतात, आणि एक मूर्ती बोटाने दाखवून तिच्यापुढे बसून राहतात, कारण डोळे आपल्यासमोर आखलेले पाहिल्याशिवाय इसारा द्यायचा नसतो. कोपऱ्यात उरलेल्या मातीचा गोळा ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेला असतो. हडपकातल्या गणपतींना ती लागणार असते.